निम्मा पट

मी टॅब बोलतोय. इकडे, जरा वर बघा. इस्त्रीच्या टेबलावर जी फळी आहे, तिच्यावर निळीची बाटली आहे, खळीचा डबा आहे, अनाथ बटणांची बरणी आहे, आणि त्या बरणीला खांदा टेकून उभा आहे तो मी. उंची वीतभर. एक डोळा तोंडावर, एक पाठीवर. "सासूच्या पाठीला डोळे असतात," असं या घरची सूनबाई म्हणायची. पण पाठीला खरोखरचा डोळा असलेला या घरात मी एकटाच.

दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायची मला हौस नाही हो. पण मला ठेवलंय अशा जागी की पुढे दुकान दिसतं, मागे स्वयंपाकघर दिसतं, आणि मधला पडदा कुणी कधी ओढत नाही. आता बसवलंच आहे दारात, तर डोळे मिटून बसू का?

माझा जन्म कुठं झाला ते नीटसं आठवत नाही. खूप उजेड होता, हातमोजे घातलेली माणसं होती आणि कुणी कुणाशी अवाक्षर बोलत नव्हतं. मग खोक्यातला अंधार. त्या अंधारातून मला बाहेर काढलं ते या इस्त्रीवाल्या घरातल्या मुलानं. मुलगा म्हणजे चाळिशी उलटलेला, डोक्यावरचं पीक कापणीला आलेला, पण आईच्या लेखी अजून 'बाळ्या'. गिऱ्हाईकांनी घरबसल्या कपडे सांगायचे आणि यांनी जाऊन आणायचे, असा त्याचा बेत होता. त्यासाठी मी आलो. पहिल्या महिन्यात एकच मागणी आली. तीही चुकून. त्या बाईंना केस कापून हवे होते.

"झालं तुझं कौतुक?" त्याची आई म्हणाली. "आता ठेव ते बाजूला. खळ सांडेल त्याच्यावर."

खळ सांडलीच. तिनेच सांडली. पुसता पुसता तिचं बोट माझ्या अंगावर कुठंतरी टेकलं आणि माझ्या पोटातला एक खेळ उघडला. माझं खरं आयुष्य तिथून सुरू झालं.

खेळ साधा होता. रंगीत खड्यांचा चौकोनी पट. शेजारशेजारचे दोन खडे अदलाबदल करायचे. एका रंगाचे तीन एका ओळीत आले की ते फुटतात, वरचे खाली घसरतात, रिकाम्या जागी नवे येतात. चाली मात्र मोजक्या. तेवढ्यात नेमून दिलेलं काम उरकलं तर पुढची पायरी, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

सासूबाई (सूनबाई म्हणायची 'आई', पण मी पडलो तिऱ्हाईत, मी सासूबाईच म्हणतो) इस्त्री तापेपर्यंत खेळायच्या. खड्यांना त्यांनी आपली नावं ठेवली. निळा तो नीळ, पांढरा तो खळ. लाल टोमॅटो, जांभळा वांगं, पिवळा लिंबू आणि हिरवा नुसताच पान. बघता बघता त्या इतक्या पुढे गेल्या की बाळ्या तोंडात बोटं घालायचा. "आई, अगं मी अजून खालीच आहे की!"

"तू कामातही खालीच आहेस," सासूबाई म्हणायच्या. "इस्त्री बघ, जळेल."

सूनबाईला हा नाद त्यांनीच लावला. दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं. दोघी टेबलाला टेकून उभ्या राहायच्या, मला मध्ये धरून. सासूबाई शिकवायच्या आणि मी ऐकायचो. माझ्याच पोटातला खेळ, पण तो कसा खेळायचा हे मला त्यांच्याकडून कळलं.

"वर काय बघतेस? खालून बघ," त्या म्हणायच्या. "खालचे फोडलेस की वरचे सगळे गडगडतात. गडगडताना आपसूक जुळतात. त्यांची चाल मोजत नाहीत. फुकटचं ते पौष्टिक."

सूनबाईने पटकन तीन लिंबं जुळवली की तिच्या हातावर चापटी बसायची. "तीन दिसले की धावलीच! थांब की जरा. चौथा शेजारी उभा आहे, त्याला बोलाव. चार आले तर एक सबंध ओळ झाडून नेणारा खडा मिळतो. कोपऱ्यात वळवून पाच आले तर सुतळी बॉम्ब. आणि सरळ एका ओळीत पाच आले..."

"तर तो चमकता."

"चमकता. तो ज्या रंगाला लावशील तो रंग पटावरून साफ. आणि दोन चमकते एकमेकांना भिडले तर काही विचारू नकोस, सगळा पट धुऊन वाळत घातल्यासारखा."

कोपऱ्यांचं त्यांना फार. "कडेचं आधी उरक. मधलं कुणीही फोडतं. कोपरा राहिला की शेवटी रडवतो. शर्टाचं कसं, आधी कॉलर, आधी कफ, पाठ काय कुणीही करेल."

कुणी बराच वेळ गप्प बसलं की मी दोन-तीन खडे हळूच हलवून दाखवतो. 'इथं जुळतंय बघा' एवढंच सांगायचं असतं मला. मला बोलण्याची दुसरी सोय नाही. पण सासूबाई त्यावर खेकसायच्या. "त्याचं ऐकू नकोस गं. त्याला जे पहिलं दिसतं ते तो दाखवतो. चांगलं कुठलं ते आपण बघायचं." मला वाईट वाटायचं. पण बोलायच्या त्या खरं.

सूनबाई माहेरची आई नसलेली पोर. लग्न होऊन आली तेव्हा तिला बटण लावता येत नव्हतं. सगळं या बाईने शिकवलं, शिव्या देत देत. दुपारी त्या दोघी माझ्यावर वाकलेल्या असल्या की दोघींची डोकी एकमेकांना लागायची, आणि एकीलाही बाजूला व्हावंसं वाटायचं नाही. हे मी अगदी जवळून पाहिलंय.

मग ते भांडण झालं.

कारण एवढंसं. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. सूनबाई शर्टाची घडी घालत होती. सासूबाईंनी तिच्या हातातून शर्ट ओढला, फाडकन झटकला आणि म्हणाल्या, "अशी घडी पोती शिवणारे घालतात. इतकी वर्षं झाली, एक कॉलर बसवता येत नाही हिला." गिऱ्हाईक हसलं. सूनबाई कानापर्यंत लाल झाली.

गिऱ्हाईक गेल्यावर ती म्हणाली, "आई, चार लोकांसमोर बोलायची काय गरज होती?"

"चार कुठं होते? एकच तर होता."

"मग तुम्हीच करा सगळं."

"सगळं कशाला? निम्मं मी करीन, निम्मं तू कर. तुझं तू, माझं मी. कुणी कुणाच्या घडीला हात लावायचा नाही."

"बरं. निम्मं तर निम्मं."

बाळ्याने मध्ये काहीतरी पुटपुटून बघितलं. दोघींनी एकदमच त्याच्याकडे असं पाहिलं की तो पिशवी घेऊन बाहेर पडला, आणलेल्या कपड्यांची नाही, रिकामीच. अडकित्त्यातल्या सुपारीला कुणी मत विचारत नाही.

पूर्वी अशी भांडणं संध्याकाळपर्यंत टिकायची नाहीत. हे टिकलं. निम्मी गाठोडी इकडे, निम्मी तिकडे. दुपारचे धडे बंद. सासूबाई मला घेऊन स्वयंपाकघराकडे पाठ करून एकट्याच खेळायच्या.

आणि काही दिवसांत मला काहीतरी विचित्र जाणवू लागलं. त्यांचं बोट माझ्या डाव्या अंगाला येईना.

आधी मला वाटलं, काही डाव असेल बाईंचा. कडेचं आधी उरक म्हणणारी बाई उगाच कडा सोडेल का? पण दिवस गेले आणि डावीकडचे खडे तसेच पडून राहायला लागले. उजवीकडे बोटांची झिम्मड, डावीकडे शुकशुकाट. बक्षिसात मिळालेला खडेफोड्या हातोडा असो की एखादी चाल, सगळं उजवीकडे खर्च व्हायचं आणि ज्या पायऱ्या त्या एका दमात चढायच्या तिथं अडून बसायच्या.

"लबाड झालाय हा खेळ," त्या मला म्हणायच्या. "मला हवे ते खडे देतच नाही."

मी डावीकडचे हलवायचो. हलवत राहायचो. त्या बघायच्याच नाहीत.

मग ते शर्टांतही उतरलं. कोपऱ्यावरचे मास्तर एकदा कपडे परत घेऊन आले. "मावशी, ही बाजू राहिली की हो. निम्माच मास्तर शाळेत पाठवायचा काय?"

सासूबाईंनी शर्ट टेबलावर पसरला. उजवीकडून हात फिरवला. "कुठं राहिली? काचेसारखा तर आहे." मग त्यांच्या मनात काहीतरी आलं. "माझ्या निम्म्यातला नसेल हा."

आत भांडी घासत सूनबाईने ते ऐकलं. ती बाहेर आली, तिने शर्ट पाहिला. अर्धा कडक, अर्धा चुरगळलेला, मधोमध रेघ मारल्यासारखा. 'निम्मं मी करीन'. तिच्या चेहऱ्यावर ते वाक्य मला लख्ख वाचता आलं. तिला वाटलं, शर्टसुद्धा निम्मा करून दाखवतायत मला. टोमणा, आणि तोही इस्त्री फिरवून मारलेला! तिने उरलेला अर्धा शर्ट केला आणि इस्त्री इतक्या जोरात आपटली की मी फळीवर हललो.

सांगा बरं, तिचं काय चुकलं? दुसऱ्या कुठल्या घरात असं झालं असतं तर लोकांनी डॉक्टर गाठला असता. इथं घरात 'निम्मं' हा शब्द आधीच येऊन बसला होता. जे दिसेल ते त्या शब्दाच्या पदरात पडायचं.

खरा घात केला तो ताटाने. सूनबाई ताट वाढायची. एका बाजूला भात, एका बाजूला भाजी, उकडलेलं अंडं. सासूबाई उजवीकडचं चाटूनपुसून खायच्या, मग हात थांबायचा.

"एवढंच?"

"ताटात निम्मं आहे, ते संपवा की आधी."

"निम्मंच तर वाढलंस."

एकच शब्द दोघींच्या तोंडात. एकीला वाटायचं, माझं अन्न निम्मं टाकून वर मलाच बोल लावतायत. दुसरीला वाटायचं, ही मला निम्म्यावर ठेवते. ताट उचललं जायचं, त्यातला भात तसाच काठापर्यंत. तो भात डाव्या बाजूला असायचा, हे फळीवरून फक्त मला दिसायचं.

सासूबाई मानी. मुलाला काही बोलल्या नाहीत. पण समोर जी शिवणवाली बसते, तिच्यापाशी एकदा मन मोकळं केलंच. "सून मला निम्मं वाढते गं. तोंडाने नाही बोलत काही, ताटाने बोलते."

शिवणवालीच्या मशीनला एक वेळ दोरा कमी पडेल, तोंडाला पडत नाही. दोन दिवसांत ते गल्लीभर झालं. सूनबाई भाजीला गेली की बायकांच्या गप्पा एकदम थांबायच्या. तिला समजलं. ती घरी येऊन मोरीत उभी राहून रडली, नळ सोडून, म्हणजे आवाज कळू नये. मला नळाचा आणि रडण्याचा आवाज वेगळा काढता येतो.

मधूनमधून सासूबाईंचा डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटायचा. एकदा त्या एकाच पायात चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत गेल्या. बाळ्या म्हणाला, "चष्म्याचा नंबर वाढला असेल." नवा चष्मा आला. नव्या चष्म्यातूनही त्या मला उजवीकडेच खेळत राहिल्या.

एका दुपारी वीज गेली. इस्त्र्या थंड, दुकानात कुणी नाही. सासूबाई खिडकीशी मला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सूनबाई पाण्याचं भांडं न्यायला आली. भांडं उचललं आणि सवयीने तिची नजर माझ्यावर पडली. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्या पाठीशी उभी होती.

माझ्या डाव्या कडेला तळाशी चार टोमॅटो होते, मध्ये एकच परका खडा, आणि त्याच्या डोक्यावर पाचवा टोमॅटो. एक चाल, की चमकता. आणि तो जिथं तयार होणार त्याच्या शेजारी आधीचा एक चमकता खडा बसलेलाच. दोन चमकते! सबंध पट धुऊन वाळत. आंधळ्यालाही दिसावं असं ते मांडून ठेवलेलं.

सासूबाईंचं बोट उजवीकडे फिरत होतं. वर, खाली, परत वर.

"संपलं," त्या स्वतःशी म्हणाल्या. "एकही चाल नाही उरली."

मी ते टोमॅटो हलवले. पुन्हा हलवले. जीव खाऊन हलवले. सूनबाई आधी किंचित हसली, मी पाहिलं ते. तिला वाटलं, याचं कधी ऐकलंय का या बाईने? पण मग तिचं हसू हळूहळू उतरलं. शर्टावर राग काढता येतो. ताटावर काढता येतो. पण खड्यांवर? खड्यांशी या बाईचं काय भांडण? पाच टोमॅटो समोर सोडून देईल असली ही बाईच नव्हे.

ती सासूबाईंच्या डाव्या बाजूला उकिडवी बसली. कितीतरी दिवसांनी बोलली. "आई, हे बघा ना इथं. माझ्या बोटापाशी."

सासूबाईंनी मान उजवीकडे वळवली. रिकाम्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "कुठं आहेस तू? आणि बोट कुठं ठेवलंस?"

सूनबाई त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली होती.

तिच्या हातातलं भांडं खाली पडलं. ती ओरडली, "अहो! दुकान बंद करा. आधी दुकान बंद करा!"

मलाही पिशवीत घालून दवाखान्यात नेलं. आईला तेवढाच विरंगुळा, असं बाळ्या म्हणाला. म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलायचे. "डोळे चांगले आहेत त्यांचे. डोक्यात उजव्या बाजूला गाठ आहे, त्यामुळे डावीकडे त्यांचं लक्षच जात नाही. तिकडे अंधार दिसतो असंही नाही. तिकडे काही असतं, हेच त्यांच्या हिशेबी नाही. ताटात काही राहिलं हे त्यांना कळणार नाही, आणि सांगूनही पटणार नाही."

"ताटात," सूनबाई म्हणाली.

"हो. बहुतेक घरांत ते ताटावरूनच लक्षात येतं." मग डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस चाललं होतं हे?" बाळ्याने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी..." आणि पुढे न बोलता कागद चाळायला लागले.

ते न बोललेलं सूनबाईने पुरतं ऐकलं. बाहेरच्या बाकावर ती मला उराशी धरून बसली होती. पाठीमागून तिचं काळीज मला ठोके देत होतं. "ताट नुसतं फिरवून ठेवलं असतं हो," ती नवऱ्याला म्हणत होती. "एकदा नुसतं फिरवून ठेवलं असतं तरी कळलं असतं. मी उचलून न्यायची. दर वेळी उचलून न्यायची."

बाळ्या म्हणाला, "मी चष्मा आणला."

डोकं उघडून बघितलं, गाठ सगळी काढता आली नाही. सासूबाईंना घरी आणलं. दुकानामागच्या खोलीत पलंग लावला, आणि सूनबाईने तो फिरवून लावला, म्हणजे दार उजवीकडे येईल आणि आलं-गेलं त्यांना दिसेल.

एकदा तिने समजावून पाहिलं. कागदावर डोकं काढलं, गाठ काढली, म्हणाली, "आई, मी पूर्ण वाढत होते हो. तुम्हाला या बाजूचं दिसत नव्हतं." सासूबाईंनी कागद बाजूला ढकलला. "म्हणजे मला वेड लागलंय असं म्हणतेस? मला जेवलेलं कळत नाही?" त्या रात्रभर रडल्या. सूनबाईने तो कागद चुलीत घातला आणि पुन्हा विषय काढला नाही.

तिने एवढंच केलं. जेवण अर्ध्यावर आलं की ती गप्पांच्या नादात ताट गर्रकन फिरवायची. डावीकडचा भात उजवीकडे यायचा. सासूबाई शेवटच्या शितापर्यंत जेवायच्या.

"आज पोटभर वाढलंस गं," त्या पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा सूनबाई ताट घेऊन आत गेली आणि नळ सोडला.

शिवणवाली भेटायला आली, तर सासूबाईंनी तिलाही सांगितलं, सुनेच्या कौतुकाने सांगितलं, "आता सुधारलीय हो पोर. पोटभर वाढते."

ताटाचं जमलं तसं तिने माझंही केलं. पट निम्मा अडला की तो आपोआप सुलटा होऊ नये अशी कळ दाबून मला उलटा धरायची, डोकं खाली, पाय वर. माझं डावं अंग त्यांच्या उजवीकडे यायचं. पण मग खडे खालून वर पडायला लागायचे.

"अगं, हे वर काय चाललेत?"

"तुमचा धाक नाही राहिला त्यांना."

"मेले!" सासूबाई हसल्या. जरा वेळ बघत राहिल्या. त्यांची बुद्धी अजून तशीच होती हो, निम्म्या जगात का होईना, तल्लख. "म्हणजे आता खालून नाही बघायचं. वरून बघायचं. वरचे फोडले की खालचे चढतील. बरोबर?"

"बरोबर."

"मग तसं बघ की!"

ते दिवस चांगले होते. असं म्हणू नये, पण होते. दोघींची डोकी पुन्हा एकमेकांना लागायची. सूनबाई उजव्या बाजूला बसायची, नेहमी उजव्याच. डाव्या बाजूला बसलं की ती त्यांच्यासाठी नसायचीच ना.

मग बोट जड झालं. चाल त्या तोंडाने सांगायच्या, खडा सूनबाई सरकवायची. "ते वांगं... नाही, त्याच्या शेजारचं." नंतर नुसतं बघायच्या.

शेवटच्या दिवसांतली एक सकाळ. पुढे बाळ्याच्या इस्त्रीची वाफ फुसफुसत होती. सासूबाई म्हणाल्या, "पोरी, एक सांगू? रागवायचं नाही."

"सांगा ना."

"तू मला निम्मं वाढायचीस ना, ते मी मनात धरून ठेवलं होतं. फार लागलं होतं मला. तुला मी लेकीसारखी... असो. आता सोडलं मी ते. तूही मनाला लावून घेऊ नकोस."

सूनबाईचं तोंड उघडलं. तिच्या मांडीवर मी होतो, तिचा चेहरा मला पूर्ण दिसत होता. सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. तो काठापर्यंतचा भात, ते उचलून नेलेलं ताट, गल्लीतल्या थांबलेल्या गप्पा, मोरीतला नळ. एक वाक्य पुरलं असतं. ते आलंसुद्धा ओठापर्यंत.

तिने ते गिळलं. गळ्यातून खाली जाताना दिसलं मला.

"चुकलं माझं, आई," ती म्हणाली.

"चुकतं गं. माणूसच आहे." सासूबाईंनी तिचा हात चाचपून धरला. "घडीसुद्धा येईल तुला. बोट असं आत दाबायचं कॉलरच्या. मी उगाच ओरडले त्या दिवशी."

"नाही, बरोबर होतं तुमचं. पोतं झालं होतं शर्टाचं."

दोघी हसल्या. त्यातली एक कशी हसली ते मी सांगू शकत नाही.

चार-पाच दिवसांनी सासूबाई गेल्या. उजवीकडे तोंड करून, दाराकडे बघत.

आता दुकान ती दोघं चालवतात. परवा शिवणवाली कपडे न्यायला आली. बोलता बोलता म्हणाली, "काही म्हण, शेवटी शेवटी म्हातारीची आबाळ केली नाहीस. आधी काय झालं ते झालं. बाईमाणसाला उशिरा का होईना कळतं."

"हो," सूनबाई म्हणाली आणि तिच्या कपड्यांचं गाठोडं बांधून दिलं.

ती गेल्यावर बाळ्याने इस्त्री उभी केली. "तू सांगत का नाहीस तिला? सगळ्या गल्लीला सांगत का नाहीस? मी सांगतो थांब."

"काय सांगणार? तुमची आई उगाच माझ्यावर आळ घेत होती म्हणून?"

"अगं, पण तू काही केलंच नव्हतंस!"

"त्यांनी मला माफ केलंय," सूनबाई म्हणाली. "मी घेतलीय ती माफी. आता ती परत कुणाला करू?"

बाळ्याने पुन्हा इस्त्री उचलली. ती कॉलर बसवत राहिली, बोट आत दाबून.

मला आता कुणी खेळत नाही. माझी बॅटरी फुगलीय, पाठ उचकटून वर आलीय. दुरुस्तीवाला म्हणाला, "चार्जिंगला लावू नका, पेटेल. टाकून द्या." सूनबाईने टाकलं नाही, फळीवर ठेवून दिलं. पोटात जी काय धुगधुगी आहे ती संपली की मी नुसती काच. म्हणून आज बोलून घेतलं, तिला न विचारता. मी मुकाट राहिलो तर हे कुणालाच कळणार नाही.

तुम्ही इथं कपडे द्यायला येता. समोर शिवणवालीकडेही जाता. तिथं कुणी काही म्हणालं तर एवढं सांगा की टॅब फळीवर होता, त्याने रोज पाहिलं. एकही ताट निम्मं नव्हतं. भात दर वेळी काठापर्यंत होता.

सूनबाईला मात्र विचारू नका. ती अजूनही 'चुकलं माझं' असंच म्हणेल.